आमची वाटचाल : वहीतल्या रेघेपासून सहा स्टेटसपर्यंत

आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट आणि एसएनएफवरून (दुधातले फॅटशिवायचे घन घटक) दर, दहा दिवसांचं बिल, दिवाळीला द्यायचा दरफरक. दोघंच होतो तेव्हा तक्रार फोनवर यायची, वहीत उतरायची, काम झालं की तिच्यावर रेघ. माणसं वाढली, फील्डवर फिरणारी मुलं आली, तसं वहीवर भागेना. मग रेडमाइन घेतलं, म्हणजे प्रत्येक तक्रार नोंदवून ती कुठवर आली हे दाखवणारं सॉफ्टवेअर. ओपन सोर्स, फुकट, आपल्याच सर्व्हरवर चालणारं.

रेडमाइनमध्ये न्यू, इन प्रोग्रेस, रिझॉल्व्ह्ड, फीडबॅक, क्लोज्ड, रिजेक्टेड अशी स्टेटस, म्हणजे कामाचे टप्पे, तयारच मिळतात. आमचं घोडं अडलं ते रिझॉल्व्ह्डपाशी. प्रोग्रॅमरनं म्हशीच्या दरपत्रकातली चूक काढली की त्याच्या लेखी काम संपलं. पण संस्थेच्या कॉम्प्युटरवर जुनीच आवृत्ती. बिलाच्या दिवशी सेक्रेटरी फोनवर तापलेले आणि आमच्या स्क्रीनवर सगळं हिरवं! म्हणून रिझॉल्व्ह्ड मोडून दोन केली : ‘तपासणी’ आणि ‘बसवायचं’. पहिलं टेस्टरचं, दुसरं फील्डवाल्याचं. आमच्या धंद्यात या ‘बसवायचं’इतकं उपयोगी स्टेटस दुसरं नाही.

एक वाढवल्यावर सगळ्यांनाच चेव आला. कुणाला ‘तातडीचं’ हवं, कुणाला ‘डुप्लिकेट’, कुणाला ‘टेस्टिंग फेल’. तेव्हा मी एकच प्रश्न धरून बसलो : या स्टेटसमुळे उद्या सकाळी काम उचलणारा माणूस बदलतो का? बदलत असेल तर स्टेटस, नाहीतर दुसरा रकाना. तातडी प्रायॉरिटीत गेली. टेस्टिंगमध्ये नापास झालेलं काम परत प्रोग्रॅमरकडेच जातं, मग ते ‘काम चालू’च. डुप्लिकेटचं उत्तर बगझिलानं केव्हाच देऊन ठेवलंय. १९९८ साली मोझिला या ब्राउझरच्या कामातून आलेल्या, सॉफ्टवेअरमधल्या चुका नोंदवणाऱ्या या जुन्या प्रोग्रॅममध्ये स्टेटस वेगळं आणि निकाल वेगळा. फिक्स्ड, डुप्लिकेट, वोन्टफिक्स (दुरुस्त करणार नाही) हे सगळे निकाल. आम्हीही ‘बंद का केलं’ असा वेगळा रकाना केला आणि रिजेक्टेड त्यातच घातलं.

आमची प्रोग्रॅमर मंडळी गिटहबचा, म्हणजे प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात त्या साइटचा दाखला देतात : तिथे इश्यू, म्हणजे नोंदवलेली तक्रार, एक तर ओपन, नाहीतर क्लोज्ड. खरंय. पण तिथे नवी आवृत्ती उतरवून घेणारा बहुतेक वेळा स्वतःच जाणकार असतो. आमचे सेक्रेटरी पहाटे किटल्यांची रांग सांभाळतात. त्यांनी आवृत्त्या कुठे बघाव्यात?

फीडबॅकचं आम्ही ‘संस्थेकडे’ केलं. दरपत्रकाचा फोटो हवाय, मिल्क अ‍ॅनलायझरचं मॉडेल कळलेलं नाही, अशी कामं तिथे थांबतात. मात्र प्रत्येक बिलाच्या मुदतीला, म्हणजे १०, २० आणि महिनाअखेरीला, तिथली सगळी कामं एकदा फोन करून हलवायची असा नियम आहे. ‘होल्ड’ मात्र मी ठेवू दिलं नाही. ती अडगळीची खोली असते. आत टाकलेलं बाहेर येत नाही.

तर सध्याची सहा अशी : नवीन, काम चालू, तपासणी, बसवायचं, संस्थेकडे, बंद. कुठल्या भूमिकेतल्या माणसानं काम कुठून कुठे न्यायचं हे रेडमाइनमध्ये ठरवता येतं. ‘बंद’ फक्त फील्डवाले करतात, तेही सेक्रेटरींना विचारून. प्रोग्रॅमरना हे अजून जाचक वाटतं. वाटू दे.

आता काही संस्था आमच्या ऑनलाइन आवृत्तीवर आल्यात. तिथे जाऊन बसवायचं असं काहीच उरत नाही, म्हणून त्यांच्या ट्रॅकरमधून, म्हणजे रेडमाइनमधल्या त्यांच्या कामांच्या वेगळ्या प्रकारातून, ‘बसवायचं’ काढायचं मी सुचवलं. फील्डवरची मुलं म्हणाली, साहेब, पण दर बदललाय हे सेक्रेटरींना सांगायचं कुणी? मुद्दा बरोबर होता. ऑनलाइनच्या ट्रॅकरमध्ये त्या जागी आता ‘कळवायचं’ आहे.