तुम्ही विचारलंत म्हणून : मूकवाचनानं इंग्रजी सुधारतं का?

पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो : "बाई, इंग्रजीच्या तासाला वर्ग गप्प का? मोठ्यानं वाचल्याशिवाय इंग्रजी कसं येणार?"

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतली. बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी. इंग्रजी पहिलीपासून आहे, पण कानावर पडतं ते तासापुरतंच. अशा मुलाला वर्गासमोर उभं करून वाचायला लावलं की सगळा जीव उच्चारात अडकतो. सातवीतल्या एका मुलीनं हरवलेल्या शेळीची गोष्ट न अडखळता वाचली. "शेळी कुठं सापडली?" विचारलं, तर उत्तर नाही. तोच उतारा मनात वाचायला दिला. मध्येच थांबली, बोट दोन ओळी वर नेलं, ते वाक्य पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "विहिरीमागं!" असं मागं जाणं प्रकटवाचनात, म्हणजे मोठ्यानं वाचताना, होत नाही, कारण सगळे ऐकत असतात.

वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई या संशोधकांनी पॅसिफिक महासागरातल्या फिजी या बेटांच्या देशात, खेड्यांतल्या शाळांमध्ये हे तपासलं. त्यांचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी तिथंही घरची भाषा नव्हती. वर्गांना सचित्र गोष्टींची २५० पुस्तकं दिली. काही वर्गांत शिक्षक मुलांबरोबर वाचत, काहींत मुलं आपापली मुकाट्यानं वाचत. दोन्हीकडे वाचनाचं आकलन नेहमीच्या वर्गांपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगानं वाढलं. म्हणजे नुसतं गप्प बसवून भागत नाही, हातात भरपूर आणि आवडेल असं पुस्तक लागतं.

आणि ते सोपं लागतं. शंभर शब्दांत दोनच अनोळखी असले तर अंदाजानं अर्थ लागतो. दहा-बारा असले की मूल नुसती पानं उलटतं. म्हणून सातवीच्या मुलाच्या हातात चित्रांचं छोटं पुस्तक दिसलं तर कृपा करून नाराज होऊ नका. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळीनुसार गोष्टी फुकट मिळतात, मोबाइलवरही.

प्रकटवाचन मी सोडलेलं नाही. पहिली-दुसरीत अक्षर आणि आवाज यांची जोडी बसेपर्यंत ते हवंच, आणि उच्चार मूकवाचनानं सुधारत नाहीत. त्यासाठी ऐकणं-बोलणं वेगळं घेते.

घरी एवढं करा : मूल वाचत असताना "मोठ्यानं वाच" म्हणू नका. वाचून झालं की काय झालं ते विचारा. तेलुगूत सांगितलं तरी चालेल.