कादेशचा रथ, अपडेट ३: चाकं झाली, आस चुकला

कादेशच्या लढाईतल्या (इजिप्त विरुद्ध हित्ती) इजिप्शियन रथाचं छोटं मॉडेल चाललंय. चला, एकदाची चाकं झाली. स्केल एक बाय बारा, म्हणजे चाक साडेसात सेंटीमीटरचं, सहा आऱ्यांचं, १९२२ साली सापडलेल्या इजिप्तच्या राजा तुतनखामूनच्या थडग्यातल्या रथांवरून घेतलंय. मला वाटलेलं बैलगाडीसारखे तुंब्यात आरे ठोकले की झालं, पण छे! इजिप्तवाले लाकूड व्ही आकारात वाकवायचे, असे सहा व्ही गोल मांडायचे, आणि शेजारच्या दोन व्हींचे पाय पाठीला पाठ लावून चिकटवले की एक आरा. वरून ओलं कातडं गुंडाळायचं, ते वाळलं की आवळतं. मी बांबूच्या कामट्या गरम पाण्यात भिजवून वाकवल्या, दोन चाकांना बारा लागतात, मोडल्या किती ते विचारू नका.

मग घोळ घातला. सवयीने आस बरोबर मधोमध लावला, सारथी आणि धनुर्धारी उभे केले, धनुर्धारी जरा मागे सरकवला तर गाडी उलार! परत फोटो बघितले, तर आस पार मागच्या कडेला. काढून मागे लावला तर थोडा भार दांडीवरून जूवर जातो, आणि आता टेबलावर गर्रकन वळवला तरी कलंडत नाही.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, हा रणगाडा नाहीच, ही बाण मारून वळून पळायची गाडी आहे, एवढ्या काटकुळ्या सांगाड्याने भाल्यांच्या रांगेत घुसलं तर पहिला रथच मोडेल (आणि घोडा तरी कशाला घुसेल). इ.स.पू. १२७४ च्या आसपास कादेशला हित्तींच्या रथांत तिघं होते, सारथी, ढालवाला, भालेवाला. इजिप्तचा राजा रामसेसच्या सैन्यातल्या, वाटेत चालत असलेल्या 'रा' नावाच्या तुकडीवर हित्ती बाजूने तुटून पडले तेव्हा जमलं, पांगापांग झाली, पण पुढे रामसेसच्या छावणीत शिरून अडकले आणि रामसेसच्या रथांनी त्यांना झोडपलं. अर्थात हे सगळं रामसेसनेच देवळांच्या भिंतींवर कोरून ठेवलंय, शत्रूचे ३५०० रथ वगैरे, तेव्हा जरा शंका ठेवूनच वाचा, कारण कादेश शेवटी हित्तींकडेच राहिलं.

आणि जमीन सपाट हवी. इ.स.पू. ३२६ ला झेलमकाठी सिकंदराशी लढताना पोरसच्या मुलाचे रथ चिखलातच निकामी झाले. म्हणून मॉडेलच्या बेसवरचे दोन खडक काढून टाकले, दिसत होते भारी पण काढले.

आता तळ विणायचाय, मूळचा कातडी पट्ट्यांच्या जाळीचा असायचा, धक्के खायला. मेणाचा दोरा घेऊ का चपलेवाल्याकडची पातळ वादी, कोणी केलंय का असं? घोडे अजून नुसते प्रायमरवरच (रंगाआधीचा पहिला हात) आहेत.