कासिनोच्या दगडावर कोरलेले नाईक यशवंत घाडगे

रोमहून पॉम्पेईला निघण्याच्या आदल्या रात्री, माणगाव तालुक्यातून आलेले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, ज्यांना आमचा सारा गट गुरुजीच म्हणत असे, जेवण आटोपल्यावर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, वाटेत कासिनो लागते. तिथे अर्धा तास गाडी थांबेल का? आमच्या पळसगावच्या मुलाचे नाव तिथे आहे." तो 'मुलगा' म्हणजे नाईक यशवंत घाडगे, 10 जुलै 1944 रोजी इटलीत वयाच्या 22 व्या वर्षी मारले गेलेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले मराठा पलटणीतले जवान. माणगावच्या तहसील कार्यालयासमोर त्यांचा पुतळा आहे.

युरोपात मराठी पर्यटकांचे गट नेणे हा माझा व्यवसाय आहे आणि तिथे ठरल्या मार्गाबाहेर बस वळवणे सोपे नसते, कारण चालकाने किती तास गाडी चालवायची आणि किती वेळ विश्रांती घ्यायची हे कायद्याने बांधलेले असते आणि त्याची नोंद बसमधले यंत्र ठेवते. महामार्गावरच्या थांब्यावर घ्यायची सक्तीची पाऊण तासाची विश्रांती चालकाने कासिनोत घ्यावी, एवढाच बदल मी सुचवला आणि तो त्याने आनंदाने मान्य केला. जेवणाची वेळ थोडी पुढे ढकलावी लागली, पण गटातल्या कोणीही कुरकूर केली नाही.

कासिनो हे गाव रोमपासून साधारण 140 किलोमीटरवर आहे. डोंगरमाथ्यावर पांढरा मठ आणि खाली राष्ट्रकुल देशांच्या सैनिकांची दफनभूमी. चार हजारांहून अधिक सैनिक तिथे आहेत, आणि ज्यांची कबर कुठे आहे हेच ठाऊक नाही अशा आणखी चार हजारांवर सैनिकांची नावे मधल्या बागेभोवतीच्या हिरव्या संगमरवरी स्तंभांवर पलटणीप्रमाणे आणि हुद्द्याप्रमाणे कोरलेली आहेत. घाडगे कासिनोच्या लढाईत पडले नाहीत. ते पडले तिथून दोनशे किलोमीटरहून अधिक उत्तरेला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. त्यांची कबर सापडलेली नाही म्हणून नाव येथे आहे, हे गुरुजींनी गटाला सांगितले तेव्हा मलाही ते प्रथमच नीट उमगले.

मराठा पलटणीच्या रकान्यासमोर आम्ही उभे राहिलो. शाळेच्या हजेरीपटावर असतात तशी ती नावे, एकाखाली एक. गुरुजी बोट फिरवत खाली येत होते आणि घाडग्यांच्या नावावर येऊन थांबले. पुढे 'व्ही. सी.', म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस, ही अक्षरे आहेत की नाहीत हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. ऊन दगडावर इतके चमकत होते की छायाचित्रात अक्षरे उमटेनात, तेव्हा गटातल्या एका महाविद्यालयीन मुलाने छत्री उघडून सावली धरली आणि मग एकेक अक्षर स्पष्ट दिसू लागले. "मुले दरवर्षी विचारायची, गुरुजी, त्यांना पुरले कुठे? मला दाखवता यायचे नाही," ते म्हणाले.

मग त्या मुलाच्या विनंतीवरून त्यांनी पदकाच्या अधिकृत नोंदीतली हकीकत सांगितली. शत्रूच्या मशिनगनच्या माऱ्यात घाडगे यांच्या तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले. सोबतीला कोणीही उरलेले नाही हे ठाऊक असताना ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले, हातबॉम्ब टाकून त्यांनी मशिनगन आणि ती चालवणारा निकामी केला, आणखी एकाला टॉमीगनने टिपले, आणि मॅगझिन बदलायला उसंत नसल्यामुळे बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. पदक त्यांच्या पत्नीने स्वीकारले.

इटलीच्या मोहिमेत 5,782 भारतीय सैनिक कामी आले. ते ब्रिटिशांच्या बाजूने लढले म्हणून त्यांच्याविषयी संकोचाने बोलावे, असे मानणारे लोक मला भेटले आहेत आणि मला ते अजिबात पटत नाही. कोकणातल्या एका वाडीतला तरुण नोकरीसाठी पलटणीत गेला आणि परमुलखात आपल्या साथीदारांसाठी एकटा पुढे गेला, त्याचे स्मरण ठेवायला राज्यकर्ता कोण होता हा प्रश्न आड येऊ नये. आम्ही प्रवाशांना मायकेलअँजेलोची चित्रे तासभर समजावून सांगतो, ते योग्यच आहे. पण त्याच प्रवासात या माणसांना दहा मिनिटेही मिळू नयेत, हे मला सलते.

बसमध्ये परतल्यावर गुरुजींनी मोंतोने या गावाची चौकशी केली. उंब्रिया प्रांतातल्या या गावी जुलै 2023 मध्ये घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातले स्मारक उभे राहिले आहे. पेरुजापर्यंत रेल्वे आणि पुढे रस्त्याने साधारण 40 किलोमीटर, एवढी माहिती मी त्यांना कागदावर लिहून दिली. फ्लॉरेन्सहून रोमला येताना वाट थोडी वाकडी केली तर अर्ध्या दिवसात तिथे जाऊन येता येईल. तो अर्धा दिवस पुढच्या सहलींच्या कार्यक्रमात धरावा, असे पत्र मी आमच्या कार्यालयाला दिले आहे आणि त्यावर गुरुजींसह गटातल्या बहुतेकांच्या सह्या आहेत.