आधीच्या मालकाच्या खुणा

नागपूरच्या बर्डीवरच्या फुटपाथवरून मी आजवर पोतंभर जुनी पुस्तकं घेतली असतील. लोणच्यांची, भुतांची, एकदा तर कुक्कुटपालनाचंही घेतलं. कोणाला काही पडलेली नव्हती. या वेळी मात्र पुस्तकवाल्यानं माझ्या हातातलं पुस्तक घेऊन दोन पानं उलटली, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणत विचारलं, "कोणी घेते का जी घरी?"

"नाही हो. वाचायला पाहिजे."

"हो हो, वाचायलाच," तो फार समजूतदारपणे म्हणाला, आणि सत्तर सांगितलेले त्याचे चाळीस केले.

एका दारुड्यानं स्वतःच लिहिलेली स्वतःची कहाणी. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली दहा पानं गेलेली. त्यामुळे पुस्तकाचं नाव कळत नाही, लेखकाचंही नाही. अकराव्या पानावर आपण पोचतो तेव्हा गृहस्थ आधीच नालीत पडलेले असतात. पुढे हा माणूस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, सभांना जायला लागतो. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूनं पार बुडालेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून ही चळवळ निघाली. तिथे कोणी पूर्ण नाव सांगत नाही. आमच्या लेखकाला तर ही अनामिकता बाइंडिंगवाल्यानंच बहाल केली होती.

आमचा पाच जणांचा गट आहे. पुस्तक एक, पाळी आठ-आठ दिवसांची, आणि बहुतेकांचं वाचून झालं की एका रविवारी कोणाच्या तरी घरी तर्री-पोहे. खुणा करायच्या तर पेन्सिलनं, पेनानं नाही, एवढाच नियम. पहिली पाळी अर्थात विकत घेणाऱ्याची. मे महिना होता. दुपारी पडदे ओढून कूलरसमोर वाचत बसायचे, आणि त्या ओल्या हवेनं पुस्तक हळूहळू फुगत जायचं. आठ दिवसांत ते चांगलं दीडपट जाड झालं. मग मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं एक पान, छापील बाजू आत घेऊन, कव्हर म्हणून घातलं आणि पुस्तक गणिताच्या मॅडमकडे रवाना केलं.

मॅडमनी ते दिवाणावर उघडं ठेवलं, ही चूक झाली. सकाळी नणंद येऊन गेली. संध्याकाळपासून फोन सुरू. "दादा बरे आहेत न?" "आमच्या ओळखीत एक डॉक्टर आहेत." मॅडमचे यजमान चहासुद्धा घेत नाहीत. रहस्यकथा वाचणाऱ्याच्या घरी खून पडला का म्हणून कोणी चौकशी करत नाही. दारूचं पुस्तक मात्र घरात सापडलं की बाटली सापडल्यासारखंच. त्यानंतर पुस्तक एका घरून दुसऱ्या घरी जायचं ते पेपरात गुंडाळून, काळ्या पन्नीत. नागपुरात काळ्या पन्नीतून अजून काय नेतात ते सांगायला नको.

मला पुस्तकवाल्याला 'नाही हो' म्हणताना जरा अडखळायला झालं होतं, तेही सांगूनच टाकते. माझा एक मामा वर्ध्याचा. वर्धा जिल्हा गांधीजींचा, म्हणून दारूबंदीचा. त्यामुळे मामाला नागपूरला फार कामं निघायची. काम आटोपेपर्यंत शेवटची एसटी हटकून निघून गेलेली असे आणि मामा आमच्याकडे मुक्कामाला येई. सकाळी शेजारच्या काकूंनी विचारलं, "पाहुणे उठले नाहीत का अजून?" की आई म्हणायची, "तो आजारी आहे." आम्हा पोरांनाही तेच सांगायला शिकवलं होतं, आणि आम्ही ते इतकं तोंडपाठ सांगायचो की मामाच्या लग्नाच्या बोलणीतही माझ्या धाकट्या भावानं ते सांगून टाकलं. पुस्तकात एका ठिकाणी लेखकाला डॉक्टर समजावतात की हा आजार आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं १९५६ मध्येच तसं मान्य केलं. मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. घरात इतकी वर्षं जे खोटं म्हणून सांगत आलो, ते वैद्यकाच्या लेखी खरंच होतं. सांगायला आई राहिली नाही, आणि मामाही.

पोह्यांच्या रविवारी आमच्यातल्या पॅथॉलॉजी लॅबवाल्या पोरानं सगळ्यांची शिकवणी घेतली. पुस्तकात बायको नवऱ्याच्या वरणात गुपचूप गोळी मिसळते, तो प्रसंग मॅडमना फार आवडला होता. तो म्हणाला, "मॅडम, टाळ्या नका वाजवू. ती डायसल्फिराम." हे द्रव्य आधी रबराच्या कारखान्यातलं. तिथल्या कामगारांना दारू प्यायल्यावर मळमळायचं, तोंड लाल व्हायचं, ते लक्षात आलं. आणि १९४० च्या दशकात डेन्मार्कच्या संशोधकांनी त्याचं औषध केलं. दारूचं शरीरात जे ॲसिटाल्डिहाइड होतं ते पुढे मोडायला ही गोळी अडवते. माणसाला ठाऊक असून, डॉक्टरच्या देखरेखीत घेतली तर उपयोग. चोरून दिली आणि तो वर पीत राहिला, तर जिवावर बेतू शकतं. मॅडम थोडा वेळ वरणाबद्दल काहीच बोलल्या नाहीत.

आमच्यातले चौथे म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. त्यांचं मत असं की हे पुस्तक वाचण्यापेक्षा 'एकच प्याला' पुन्हा पाहावं. गडकरी गेले ते इथे आपल्या सावनेरला, जानेवारी १९१९ मध्ये, हे काकाजी दर दोन महिन्यांनी सांगतात. त्यांनी दिलेला तळीराम मात्र अजून रोज पेपरात झिंगत असतो. "सुधाकराचं दुःख समजते आपल्याला," काकाजी म्हणाले. "हा लेखक तर आपलंच कौतुक करून राहिला. केवढी पेलो, कुठं पडलो." एवढं बोलून त्यांनी खिशातली पन्नी काढली आणि खर्रा तळहातावर घेतला. सुपारी, तंबाखू, चुना, पानठेल्यावर तासभर घोटावा तसा घोटलेला.

"काकाजी, हे काय?" लॅबवाला.

"हे का व्यसन नोहे बे. हे पोटासाठी."

त्रेसष्टाव्या पानावर त्यांच्या अंगठ्याचा तपकिरी ठसा आहे. बरोब्बर तिथे, जिथे लेखक म्हणतो की मी मनात आणलं तर उद्या सोडू शकतो.

पण खरी चर्चा झाली ती लेखकाची नाही. पुस्तकाच्या आधीच्या मालकाची. हा माणूस पेन्सिल घेऊन वाचणारा, म्हणजे आमच्याच जातीचा. फार लिहीत नाही. लेखक म्हणतो, मुलीचा चेहरा पाहिला आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवलो नाही. समासात शब्द आहे, 'खोटं'. लेखकाचे हात सकाळी इतके थरथरतात की बशीत चहा ओतता येत नाही. तिथे नुसती उभी रेघ, पण इतकी दाबून की पुढच्या तीन पानांवर उमटली आहे. आणि लेखक फ्लशच्या टाकीत बाटली लपवतो त्या ओळीशेजारी एकच शब्द: 'कूलर'.

हा शब्द वाचला आणि मी माझ्या कूलरकडे पाहिलं. टाकीत गुडघाभर पाणी, वर वाळ्याची ताटी, आणि झाकण उघडून आत हात घालायचं काम घरात एकाच माणसाचं असतं. बाटली गारही राहते. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे सुचलं नसतं. हा आपल्याकडचाच.

शेवटच्या कोऱ्या पानावर त्यानं रेघा मारल्या आहेत. चार उभ्या, पाचवी आडवी, दुधाच्या हिशेबासारख्या. पहिल्या ओळीत तीन. दुसरीत अकरा. तिसरीत दोनच. चौथीत सव्वीस. पाचव्या ओळीत एकेचाळीस होतात आणि कागद संपतो.

मग हे पुस्तक फुटपाथवर आलं कसं? काकाजी म्हणाले, सरळ आहे, पुन्हा सुरू झाली आणि रद्दीत घातलं, चाळीस रुपयांत क्वार्टर येत नाही पण आधार होतो. लॅबवाल्याचं म्हणणं, माणूसच गेला असेल, घरच्यांनी कपाट रिकामं केलं. तो रोज लोकांचे लिव्हरचे रिपोर्ट छापतो, त्याला दुसरं काय सुचणार. मी म्हटलं, गरज संपली असेल. त्यावर दोघांनीही माझ्याकडे, लहान मुलाकडे पाहावं, तसं पाहिलं.

मॅडमनी पुस्तक घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि ते पान डोळ्यांजवळ नेलं. "ह्या रेघा पाहा," त्या म्हणाल्या. "वरच्या ओळींत ऐसपैस आहेत. शेवटच्या ओळीत तिसाच्या पुढे बारीक होत गेल्या, एकमेकींना चिकटल्या. मुलं उत्तरपत्रिका संपत आली की करतात तसं. त्याला अजून लिहायचं होतं आणि जागा पुरत नव्हती." कोणी काही बोललं नाही. पोहे थंड झाले होते.

त्या दिवशी काकाजी पुस्तक पुन्हा घरी घेऊन गेले. एकदा वाचून झालेलं पुस्तक परत नेण्याची आमच्यात पद्धत नाही, पण कोणी अडवलं नाही. पंधरवड्यानं त्यांनी ते काळ्या पन्नीत आणून दिलं. "दुसऱ्यांदाही काही खास नाही वाटलं," म्हणाले.

कव्हर सैल झालं होतं, म्हणून घरी आल्यावर नीट घालायला काढलं. आतल्या छापील बाजूला मागच्या वर्षीचा नोव्हेंबर. एक, दोन, तीन आणि चार तारखेवर फुल्या. पेन्सिलनं नाही, बॉलपेननं. पाच तारखेवर अंगठ्याचा तपकिरी ठसा. मग सहापासून पुन्हा फुल्या: सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा.

मी छापील बाजू आत घेऊन कव्हर पुन्हा तसंच घातलं. पाचव्यांची पाळी राहिली आहे. त्यांना काही सांगितलेलं नाही.