रंग न धरलेल्या पेशी

पॅथॉलॉजीच्या माझ्या टेबलावर फॉर्मॅलिनच्या बाटलीत नाकातल्या गाठीचे तांदळाच्या कणीएवढे चार तुकडे. फॉर्मवर लिहिलेलं: पुरुष, ४३, डावं नाक बंद, रक्त येतं, पॉलिप? खाली आमच्या ईएनटीच्या सरांचं अक्षर: 'डोळा पुढे आलाय, लवकर बघा.'

पेशंटचे चार महिने ॲलर्जीच्या स्प्रेवर गेले होते. एकाच बाजूचं नाक बंद आणि त्यातून रक्त, एवढं ऐकून कुणीच दुर्बीण घालून पाहू नये, याचा मला आजही राग येतो.

२०२१ मध्ये अशा तुकड्यांत म्युकर सापडायचा, म्हणून आधी बुरशीच शोधली. नव्हती. होते निळ्या पेशींचे गठ्ठे, मधेच मेलेला भाग, आणि विभाजन पावणाऱ्या पेशी जिथे पाहावं तिथे. नाकात असं चित्र लिम्फोमा, मेलॅनोमा, ऑल्फॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा, अशा कुठल्याही कॅन्सरमध्ये दिसतं, आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा. मार्कर लावले, म्हणजे पेशींतलं एकेक प्रथिन शोधणारे स्टेन; प्रथिन असलं की तपकिरी रंग येतो. केरॅटिन पॉझिटिव्ह, म्हणजे कार्सिनोमा, एपिथेलियल पेशींचा कॅन्सर. बाकी सगळं निगेटिव्ह, 'नट' (NUT) कार्सिनोमा या दुसऱ्या आक्रमक कॅन्सरचा मार्कर सुद्धा. 'अनडिफरन्शिएटेड कार्सिनोमा', म्हणजे नेमकी जात न ओळखता येणारा, असं लिहून सही करता आली असती. पण काही पेशींचा गुलाबी भाग फुगलेला आणि केंद्रक कडेला ढकललेलं होतं. नजर पुन्हा पुन्हा तिथेच जात होती. आयएनआय-१ मागवला, एसएमएआरसीबी-१ जनुकाचं प्रथिन शोधणारा स्टेन; निरोगी पेशींच्या केंद्रकात ते असतंच.

दुसऱ्या दिवशी स्लाइड पाहिली आणि पोटात गोळा आला. गाठीच्या एकाही पेशीला तपकिरी रंग नव्हता. स्टेनच फसला की काय? सावकाश स्लाइड सरकवली. गाठीतून जाणारी एक बारीक रक्तवाहिनी दिसली, तिच्या अस्तराची केंद्रकं छान तपकिरी. शेजारच्या लिम्फोसाइट्सही. स्टेन चोख होता, त्या पेशींतलं प्रथिनच गेलं होतं. नाकातला एसएमएआरसीबी-१ डेफिशियंट कार्सिनोमा. २०१४ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला, अत्यंत आक्रमक. मी तो तोवर फक्त जर्नलमध्ये पाहिला होता.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "आजच बोलावतो. टाटाला पाठवू."

संध्याकाळी, सरांना भेटून, पेशंटचा भाऊ ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तेच तुकडे, न्यायला आला. डोळे लाल होते. "मॅडम, रात्रीच्या एसटीने निघतोय." मी ब्लॉक आणि स्लाइड्सचा डबा स्वतः बांधून दिला. "दादा, हे पिशवीत वरच ठेवा. उन्हात ठेवू नका, आत मेण आहे. तिकडे पहिल्यांदा हेच मागतील."

त्याने डबा दोन्ही हातांनी घेतला.