पोटातले बॅक्टेरिया, पीफास आणि ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर

गेल्या काही महिन्यांत एक फॉरवर्ड मला इतक्या जणांनी पाठवलाय की शेवटी ब्लॉगच लिहायला घेतला. मजकूर साधारण असा, की केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, आतड्यातले चांगले जंतू शरीरातली "कायमची केमिकल्स" शोषून बाहेर टाकतात, म्हणून रोज वाटीभर दही खा, नॉनस्टिकची काळजी सोडा. खाली हात जोडलेले इमोजी. आमच्या मावशीने तर "तुझ्याच लाइनचं आहे ना गं हे, खरंय का?" असं विचारून वर "दही मी तशीही खातेच" असंही कळवलं.

तर मावशी, अर्धं खरंय. आणि जे खरंय ते दह्यापेक्षा भारी आहे.

आधी पीफास, म्हणजे हीच ती "कायमची केमिकल्स", म्हणजे काय ते पटकन उरकते. कार्बनच्या साखळीला हायड्रोजनच्या जागी फ्लोरीन लावलेली हजारो रसायनं, त्या सगळ्यांचं हे घराण्याचं नाव. 1938 मध्ये ड्यूपाँच्या लॅबमध्ये रॉय प्लंकेटला सिलिंडरमध्ये अचानक पांढरी पावडर मिळाली, ती टेफ्लॉन, आणि तिथून पुढे हे घराणं वाढतच गेलं. तवे, रेनकोट, डाग न पडणारे सोफे, विमानतळावरचा आग विझवायचा फेस, तेल न झिरपणारे खाऊचे कागद. कार्बन-फ्लोरीन बंध इतका घट्ट की ऊन, पाऊस, जंतू, आपलं लिव्हर, कुणालाच तो सहजासहजी तुटत नाही. म्हणून ते साठतं. पीएफओए नावाचा यातला जुना पापी माणसाच्या रक्तात निम्मा व्हायलाच दोन-तीन वर्षं घेतो. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गला कारखान्याचं पाणी पिणाऱ्या सुमारे 69 हजार लोकांचं रक्त तपासलं गेलं, त्यावरून 2012 पर्यंत शास्त्रज्ञांच्या पॅनेलने सहा आजारांशी संबंध "संभाव्य" म्हणून नोंदवला, किडनीचा आणि वृषणाचा कॅन्सर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि गरोदरपणातलं बीपी. 2023 मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने पीएफओएला थेट पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत, टाकलं.

आणि मात्रा किती, तर अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या पर्यावरण खात्याने, 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओएची मर्यादा ठेवली लिटरला 4 नॅनोग्रॅम. दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यासमोर आणा, त्यात मिठाच्या एका दाण्याएवढं पीएफओए टाकलं तरी मर्यादा ओलांडली.

मी वॉटर टेस्टिंगच्या लॅबमध्ये काम करते, पुण्यात, आणि पीफासचं सॅम्पलिंग हा आमच्याकडे स्वतंत्र चेष्टेचा विषय आहे. कारण जे शोधायचं तेच अंगावर घालून आपण शोधायला जातो. सॅम्पल घेणाऱ्या पोराने रेनकोट घालायचा नाही (जुलैत, घाटात!), सनस्क्रीन नाही, वॉटरप्रूफ वही नाही, नळाला प्लंबरची पांढरी टेप (तीही टेफ्लॉनचीच) असेल तर तो पॉइंटच सोडायचा, बाटली पॉलिप्रॉपिलीनची, काचेची नको कारण काही पीफास काचेच्या भिंतीला चिकटून बसतात, आणि बरोबर एक बाटली अशी न्यायची जिच्यात लॅबचं शुद्ध पाणी आहे, ती तिथे उघडायची, दुसऱ्या बाटलीत ओतायची, बंद करायची, परत आणायची. या ब्लँकमध्ये पीक (मशिनच्या आलेखावरचा उंचवटा, म्हणजे पीफास सापडलं) दिसला की आख्खा दिवस पाण्यात. बरं मशिनच्या आतही टेफ्लॉनच्या नळ्या असतात, त्या काढून दुसऱ्या बसवायच्या, तरी सॉल्व्हंटमधून जे येतं ते अडवायला आधी एक जास्तीचा कॉलम, म्हणजे रसायनं धरून उशिरा सोडणारी नळी, लावायचा म्हणजे मशिनची घाण उशिरा येते आणि सॅम्पलचं पीक वेगळं कळतं. एवढं सांगायचं कारण, पीफासची बातमी वाचली की माझ्या डोक्यात आधी "कसं मोजलं" येतं, आणि लगेच दुसरा प्रश्न, "मग गेलं कुठे". आमच्या भाषेत मास बॅलन्स. इकडून शंभर आलं तर तिकडे शंभरचा हिशोब लागला पाहिजे. पुढचं सगळं या एका चष्म्यातून वाचा.

आता तो पेपर. जुलै 2025, नेचर मायक्रोबायॉलॉजी, केंब्रिजच्या एमआरसी टॉक्सिकॉलॉजी युनिटमधला ग्रुप, प्रमुख किरण पाटील (हो, आडनाव बघून मलाही बरं वाटलं), पहिली लेखिका ॲना लिंडेल. त्यांनी माणसाच्या आतड्यातले बॅक्टेरिया घेतले आणि पीफासच्या द्रावणात वाढवले, मग बघितलं की द्रावणात किती उरलं आणि पेशींच्या गोळ्यात किती सापडलं. त्यातले 38 प्रकारचे बॅक्टेरिया ते आत ओढून घेत होते. काही मिनिटांतच. उंदरांवरच्या प्रयोगासाठी निवडलेल्या नऊ जातींनी 25 ते 74 टक्क्यांपर्यंत उचललं. त्यातला बॅक्टेरॉइडिस युनिफॉर्मिस तर आपल्या पेशीत मिलिमोलर पातळीपर्यंत साठवतो, म्हणजे बाहेरच्यापेक्षा कैक पटींनी दाट, आणि तरी मजेत वाढत राहतो. मी हे वाचताना दोनदा युनिट तपासलं. पीफास साबणासारखं असतं, एका टोकाला पाणी आवडतं दुसऱ्याला नाही, त्यामुळे पेशीच्या बाहेरच्या पापुद्र्यात घुसून तो फाडायला पाहिजे अशी कुणाचीही पहिली अपेक्षा. पण तसं होत नाही, कारण ते आत जाऊन गोळा होऊन बसतं असं दिसतंय, त्यामुळे पेशीच्या कामात फार लुडबुड करत नाही.

आत आहे हे कसं कळलं? नुसतं बाहेरून चिकटलेलं असू शकतं ना. पेशी गोठवून, आयनांच्या बारीक झोताने तासत तासत कुठल्या थरातून फ्लोरीन येतो ते मास स्पेक्ट्रोमीटरने बघितलं, ई. कोलायमध्ये तो आतच सापडला. आणि दुसरा पुरावा मला जास्त आवडला. ई. कोलायकडे टॉलसी नावाचा एक पंप असतो, नको असलेली वस्तू बाहेर फेकायचा, बरीच अँटिबायोटिक्स पण तो याच वाटेने बाहेर काढतो. हा पंप काढून टाकलेला ई. कोलाय घेतला तर पीफास जास्त साठलं. म्हणजे हे आत शिरतं, आणि पेशी ते हुसकावायचा प्रयत्नही करते. साधा, स्वच्छ प्रयोग. असे प्रयोग वाचले की महागडी मशिनं नसल्याचं दुःख जरा कमी होतं.

मग उंदीर. जंतूच नसलेले उंदीर, कमी साठवणारे जंतू दिलेले उंदीर आणि भरपूर साठवणारे जंतू दिलेले उंदीर. तिघांना पीएफएनए नावाचं एक पीफास दिलं. शेवटच्या गटाच्या लेंड्यांमध्ये ते जास्त निघालं. बस. फॉरवर्डमधलं "बाहेर टाकतात" ते एवढ्यावर उभं आहे. माणसावर हे झालेलं नाही, आणि दह्याचा तर यात संबंध कुठून आला देव जाणे, बॅक्टेरॉइडिस हे ऑक्सिजन न चालणारे जंतू, ते मोठ्या आतड्यात राहतात, विरजणाच्या वाटीत नाही. दही खा, छान असतं, पण यासाठी नको. पाटलांच्या ग्रुपने यावर प्रोबायोटिक बनवायला कंपनी काढली आहे, ते जमलं तर उत्तमच.

पण मास बॅलन्स करा. बॅक्टेरिया पीफास *खात* नाहीत. एकही कार्बन-फ्लोरीन बंध तुटत नाही. रक्तातलं पीफास पित्ताबरोबर आतड्यात येतं आणि खाली पुन्हा शोषलं जाऊन रक्तात परत जातं, ही फेरी वर्षानुवर्षं चालते म्हणूनही ते शरीरात एवढं टिकतं. जंतू मधेच ते धरून ठेवत असतील तर फेरी तुटेल, हे खरंच उपयोगाचं आहे. आणि या जागेवर मारा केला तर फरक पडतो हे माणसांतही दिसलंय, फक्त जंतूंनी नाही, औषधाने. डेन्मार्कमध्ये कोर्सरला आग विझवायच्या ट्रेनिंग सेंटरजवळ चरणाऱ्या गाईंचं मांस खाल्लेल्या लोकांच्या रक्तात पीएफओएस (पीफास घराण्यातलाच आणखी एक) भयंकर वाढलेलं निघालं. त्यांना कोलेस्टिरामाइन दिलं, हे कोलेस्टेरॉलचं जुनं औषध, पित्ताम्ल पकडणारी रेझिन पावडर. बारा आठवड्यांत पीएफओएस सुमारे 60 टक्के कमी. 2024 चा पेपर. ऑस्ट्रेलियात अग्निशमन दलाच्या 285 जवानांवर वर्षभर ट्रायल झाली, नियमित प्लाझ्मा किंवा रक्त काढलं तर पातळी उतरते, प्लाझ्माने जास्त. (कोलेस्टिरामाइन मेडिकलमधून आणून स्वतःच सुरू करू नका हां, पोट धरून बसाल आणि जीवनसत्त्वंही जातील. डॉक्टर आहेत कशाला.)

हे सगळं ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. माणसातून निघालं ते संडासात, तिथून एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्रात, तिथे परत गाळात, म्हणजे तिथल्याही जंतूंच्या गोळ्यात आणि थोडं पाण्यात, गाळ शेतात खत म्हणून. अमेरिकेत मेन राज्यात हेच झालं, वर्षानुवर्षं गाळ टाकलेल्या शेतांत दूध आणि भाजी दूषित निघाली, शेतकरी देशोधडीला लागले, 2022 मध्ये त्या राज्याने शेतात गाळ टाकण्यावर बंदी घातली. घरचा आरओ लावा, पीफास बऱ्यापैकी अडतं, खरंय. पण अडलेलं पीफास घेऊन रिजेक्टचं पाणी जातं मोरीत.

तोडणारे लोक कमी आहेत आणि त्यांच्या बातम्या फॉरवर्ड होत नाहीत कारण त्यात खायला काही नसतं. 2022 मध्ये नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीतल्या विल्यम डिक्टेलच्या ग्रुपने सायन्समध्ये दाखवलं की पीएफओएसारखे कार्बोक्सिलिक ॲसिडवाले पीफास कॉस्टिक सोडा आणि डीएमएसओ नावाच्या सॉल्व्हंटमध्ये 80 ते 120 अंशांवर तापवले तर तुटतात. हजार अंशांची भट्टी नाही, कॉस्टिक! पीएफओएससारख्या सल्फोनेटवर मात्र ही युक्ती चालत नाही. जंतूंतही तोडणारा एक सापडलाय, लॅब्रिस पोर्तुकॅलेन्सिस एफ11, पोर्तुगालच्या दूषित मातीतला, बफेलो युनिव्हर्सिटीच्या ग्रुपने दाखवलं की शंभर दिवसांत त्याने 90 टक्क्यांहून जास्त पीएफओएस कमी केलं. शंभर दिवस, आणि तेही दुसरं काही खायला नसताना. जवळ साखर असेल तर कोण कशाला पीएफओएस चावेल.

याच केंब्रिजच्या ग्रुपचा 2025 च्या शेवटाला अजून एक पेपर आला, तो मात्र कुणी पाठवला नाही. 1076 रसायनं, शेतातली आणि कारखान्यांतली, 22 आतड्यातल्या जंतूंवर टाकून बघितली, प्लेटमध्ये. 168 रसायनांनी एक ना एका जंतूची वाढ अडवली. यातली बरीचशी अशी की ती जंतूंना मारायला बनवलेलीच नाहीत, कीटकनाशकं, बुरशीनाशकं, प्लास्टिकमध्ये घालायची, आग न लागण्यासाठी घालायची. सुरक्षिततेच्या चाचण्यांमध्ये आतड्यातले जंतू कुणी मोजतच नाही. त्याहून वाईट, या रसायनांना तोंड देण्यासाठी जंतू जे बदल करतात त्यातल्या काहींमुळे ते सिप्रोफ्लॉक्सॅसिनलाही दाद देईनासे होतात. सिप्रो, म्हणजे आपल्याकडे जुलाब झाले की केमिस्ट पहिली काढतो ती गोळी. वर टॉलसी पंपाबद्दल लिहिलं ते आठवा, पंपाला काय, बाहेर फेकायचं ते फेकायचं, औषध असो की फवारणी. अजून हे प्लेटवरचं आहे, प्रत्यक्ष पोटात एवढी मात्रा पोचते का हे बघायचंय. पण अँटिबायोटिक रेझिस्टन्सचं खापर नेहमी पेशंटने कोर्स अर्धवट सोडला यावर फोडलं जातं, त्या यादीत आता फवारणीचा पंपही आला असं मला तरी वाटतं.

आणि हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून द्यावं तर तसंही नाही. इटलीत व्हेनेटो भागात त्रिसिनो गावी मितेनी नावाचा पीफासचा कारखाना होता, त्याने भूजल इतकं नासवलं की साडेतीन लाखांच्या आसपास लोकांच्या पाण्याचा प्रश्न झाला, 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि जून 2025 मध्ये व्हिचेन्झाच्या कोर्टाने 11 माजी अधिकाऱ्यांना मिळून 141 वर्षांची शिक्षा सुनावली. त्या कारखान्याची यंत्रसामग्री 2019 मध्ये लिलावात एका भारतीय कंपनीच्या उपकंपनीने विकत घेतली. ती आली कुठे, तर लोटे परशुरामला. खेड तालुका, मुंबई-गोवा हायवेला लागून, पुढे दाभोळची खाडी, जिथल्या मच्छीमारांनी एमआयडीसीच्या सांडपाण्यावरून कित्येक वर्षं घसा कोरडा केलाय. म्हणजे आख्खा प्लांटच ह्याच्या डोक्यावरून त्याच्या डोक्यावर. तिथे आज काय बनतं आणि पाण्यात काय जातं यावर मी मोजल्याशिवाय एक अक्षर बोलणार नाही. पण मोजायला कुणी सांगितलं पाहिजे ना? पिण्याच्या पाण्याचं आपलं स्टँडर्ड, आयएस 10500, त्यात पीफास हा शब्दच नाही. 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, खाद्यपदार्थांच्या पॅकिंगमध्ये पीफास नको असा मसुदा काढला, चांगलं केलं, पण पॅकिंग म्हणजे पाणी नव्हे. यादीत नाव नाही म्हणून टेस्ट होत नाही, टेस्ट होत नाही म्हणून आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून कुणी विचारलं तर "तक्रार आढळली नाही" असं उत्तर द्यायला सगळे मोकळे.

खेड-चिपळूणकडचं कुणी वाचत असेल आणि ग्रामपंचायतीमार्फत विहिरीचं पाणी तपासून घ्यायचं मनात असेल तर कमेंटमध्ये लिहा, सॅम्पल कसं घ्यायचं ते मराठीत पायरी पायरीने टाकते. बाटली पॉलिप्रॉपिलीनची, टेप नको, आणि ब्लँक विसरू नका, नाहीतर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल.