तुमच्या वेळी व्हीएआर असता तर?

"काहून जी सर, तुमच्या वेळी व्हीएआर असता तं?" कामठीच्या मैदानावर, लग्नाच्या पंगतीत, तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर, कुठेही गाठून पोरं हेच विचारतात. व्हीएआर म्हणजे फुटबॉलमध्ये वेगळ्या खोलीत बसून व्हिडिओ बघणारा आणि रेफ्रीची चूक दिसली तर त्याला कळवणारा माणूस. नागपूर-कामठीत वीस वर्षं रेफ्री म्हणून शिट्टी वाजवली, त्यामुळे माझी खोड काढायचा हक्क त्यांना आहेच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

कामठीतलीच एक मॅच. शेवटची पाच मिनिटं, डिफेंडर उशिरा टॅकलला गेला, मी पिवळं कार्ड दाखवलं. संध्याकाळी कोणीतरी मोबाइलवरचा व्हिडिओ आणून दाखवला, तोही स्लो मोशनमध्ये. बूट घोट्यावर असा सावकाश टेकत होता की मलाच वाटलं, हे तर लाल होतं! मग म्हटलं, नेहमीच्या वेगात लाव. तर पाय घसरलेला दिसला. पुन्हा नेमका बूट टेकला तिथे थांबवलं, की पुन्हा लाल. व्हिडिओ एकच, रेफ्री एकच, आणि दहा मिनिटांत मत तीनदा फिरलं.

व्हीएआरच्या नियमांत याची सोय आहे. पाय कुठे लागला, बॉल हाताला लागला का, एवढंच स्लो मोशनमध्ये बघायचं. टॅकल किती जोराचा होता ते नेहमीच्या वेगात. पण मैदानाच्या कडेला मॉनिटरसमोर उभ्या रेफ्रीला आधी थांबवलेलं चित्रच दाखवलं, तर डोकं तिथेच अडकतं. माझं चालेल तर पहिला रिप्ले नेहमीच्या वेगातलाच सक्तीचा करीन.

ऑफसाइडचं, म्हणजे पास निघताना खेळाडू फार पुढे होता का याचं, तसं नाही, तो मोजता येतो. 2022 च्या कतार वर्ल्ड कपमध्ये स्टेडियमच्या छताखालचे 12 कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपत होते. धक्का मोजायला असा कॅमेरा नाही. तिथे रेफ्रीची चूक 'स्पष्ट आणि उघड' असली तरच खोलीतल्या माणसाने मध्ये पडायचं, आणि हे 'स्पष्ट' ज्याचं त्याचं. या शनिवारी एक जण रेफ्रीला मॉनिटरकडे धाडतो, पुढच्या शनिवारी दुसरा तस्संच सोडून देतो. लोक म्हणतात, पैसे खाल्ले. नाही हो, उंबरठे वेगळे.

बोलण्यातले घोळ तर विचारूच नका. सप्टेंबर 2023, इंग्लंडच्या लीगमध्ये टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या लुईस दियाझचा गोल लाइन्समनने ऑफसाइड दिला. तो ऑफसाइड नव्हता, खोलीत ते दिसलंही. पण तिथल्या माणसाचा समज असा की मैदानावर गोल दिलेलाच आहे. 'तपासणी पूर्ण' म्हणून मोकळा झाला, खेळ सुरू झाला आणि नियमाने मागे फिरता येईना. आमच्याकडे लाइन्समनला पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "मी काय दिलंय, ते आधी सांग." त्या खोलीतही हेच आधी मोठ्याने म्हणायला हवं, आणि प्रेक्षकांना ऐकू जायला हवं. क्रिकेटचा थर्ड अंपायर काय बघतोय, काय म्हणतोय, ते आपण घरबसल्या ऐकतोच की. फुटबॉलमध्ये 2023 पासून काही स्पर्धांत रेफ्री माइकवर निर्णय सांगू लागले, पण निर्णयच. आतली चर्चा नाही.

आपल्याकडे कॅमेऱ्यांची खोली परवडणारी नाही. फिफाने 2024 ला एक स्वस्तातला प्रकार करून पाहिला: कोचला मॅचमध्ये दोन रिव्ह्यू, बरोबर निघाला तर तो शिल्लक राहतो, आणि स्क्रीनवर रेफ्री स्वतःच बघतो. हे जमेल आपल्याला.

तो डिफेंडर आता पोरांना कोचिंग देतो. परवा भेटला तेव्हा मीच विचारलं, खरं सांग, लाल होतं का ते?

"मलेच नाई मालूम जी, सर."